बीडलॉक चाक

बीडलॉक चाक : (कडबंध चाक). टायरची तारयुक्त कड रिमवर केवळ हवेच्या दाबाने न राहता यांत्रिक पकडीने घट्ट राहावी, अशी योजना असलेले मोटारीचे चाक. टायरच्या या कडेला धंद्यात ‘बीड’ म्हणतात व तिला जखडून ठेवणाऱ्या योजनेला ‘बीडलॉक’. वाळू, चिखल, ओढ्यातील गोटे, डोंगरातील कच्च्या वाटा अशा ठिकाणी टायरमधील हवा पुष्कळ कमी करून चालवाव्या लागणाऱ्या जीपसारख्या वाहनांना अशी चाके बसवितात. पक्क्या रस्त्यावर नेहमीच्या दाबाने चालणाऱ्या मोटारीस त्यांचा काही उपयोग होत नाही, उलट काही तोटेच होतात. तरीही कडेभोवती बोल्टांची ओळ असलेले हे चाक दिसण्यात रांगडे असल्यामुळे शहरी मोटारमालकांना त्याचे आकर्षण वाटते. चाकाची निवड चुकल्यास खर्च वाया जाण्याबरोबरच जिवालाही धोका संभवतो. यासाठी टायर रिमवर मुळात कशामुळे टिकून राहतो, हे प्रथम पाहणे आवश्यक आहे.

टायर व रिम यांची पकड : चाकाच्या परिघावर दुसरे कडे पक्के बसविण्याचा प्रश्न रबरी टायरच्या पुष्कळ आधीचा आहे. बैलगाडीच्या चाकावर लोखंडी धाव चढविताना ती तापवून प्रसरण पावू देतात, लाकडी चाकावर बसवितात व वरून पाणी ओततात. थंड होताना आकुंचन पावून ती परिघाला आवळून बसते. आगगाडीच्या चाकांवरील पोलादी धावाही याच तत्त्वाने बसवीत. धावेचा आतील व्यास चाकाच्या व्यासापेक्षा किंचित, दर मीटरमागे सु. १ मिमी., कमी ठेवीत व ती तापवून चढवीत. परळ येथे १८७९ मध्ये सुरू झालेल्या ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेच्या कार्यशाळेसारख्या ठिकाणी हे नित्याचे काम होते. ब्रेक लावल्याने धाव तापून ढिली झालीच, तर ती निसटू नये म्हणून तिच्या आतील खाचेत एक पोलादी कडे ठोकून बसवीत. म्हणजे मुख्य पकड आकुंचनाची असे व कडे केवळ ती सुटण्याच्या प्रसंगापुरते असे. पुढे अखंड ओतीव वा घडीव चाके आल्यावर या धावा मागे पडल्या.

हवेच्या टायरमध्ये आकुंचनाची जागा दाबाने घेतली आहे. टायरच्या दोन्ही बीडांमध्ये पोलादी तारांची वेटोळी असतात व ती जवळजवळ ताणली जात नाहीत. रिमच्या दोन्ही काठांशी बीडसाठी बैठक असते. मोटारीच्या चाकात ती बाहेरच्या बाजूस सु. ५ अंशांनी चढती असते. हवा भरली म्हणजे बीड या चढावर सरकत जाते व रिमच्या उभ्या काठाला टेकून घट्ट बसते. रिमच्या मध्यभागी खोलगट पन्हळ असते. टायर चढविताना वा उतरविताना बीडचा एक भाग या पन्हळीत उतरवितात, तेव्हाच तिचा समोरचा भाग काठावरून ओलांडता येतो. ट्यूबविरहित टायरच्या रिमवर बैठक व पन्हळ यांच्यामध्ये एक बारीक उंचवटाही ठेवलेला असतो. दाब थोडा कमी झाला, तर हा उंचवटा बीडला पन्हळीत घसरू देत नाही.

ही पकड बरीच मोठी असते. जुन्या जीपच्या ६·००–१६ मापाच्या टायरमध्ये दर चौ. सेंमी.ला २ किग्रॅ. (दर चौ. इंचाला सु. २८ पौंड) दाब असता प्रत्येक बीडला बाहेर रेटणारे एकूण बल स्थूल हिशेबाने दोन टनांहून अधिक भरते. दाब निम्मा केला की हे बल निम्मे होते, चौथाई केला की चौथाई. चाकावर बाजूने येणारा रेटा मात्र दाबाबरोबर कमी होत नाही. वळणावर वाहनाचा भार बाहेरच्या चाकांवर जातो आणि जमीन टायरच्या तळाला वाहनाच्या आतल्या अंगास ढकलते. त्यामुळे टायरची बाहेरची बीड बैठकीवरून पन्हळीकडे ओढली जाते. दाब पुरेसा नसल्यास ती सुटते, हवा क्षणात निघून जाते आणि रिम जमिनीवर आपटते. बाहेरचीच बीड बहुधा का सुटते आणि बहुतेक बीडलॉक चाकांत तीच का जखडलेली असते, त्याचे कारण हे होय. [⟶ टायर].

दाब कमी करण्याचे प्रयोजन : टायर जमिनीला जेवढ्या क्षेत्रफळावर टेकतो, ते साधारणपणे चाकावरील भार भागिले हवेचा दाब एवढे असते. १,६०० किग्रॅ. वजनाच्या वाहनाच्या प्रत्येक चाकावर ४०० किग्रॅ. भार येतो असे धरले, तर दर चौ. सेंमी.ला २ किग्रॅ. दाबास टेकण सु. २०० चौ. सेंमी. व १ किग्रॅ. दाबास सु. ४०० चौ. सेंमी. होते. टायरच्या भिंतींच्या ताठरपणामुळे प्रत्यक्षात हा आकडा थोडा कमी भरतो. टेकण रुंदीपेक्षा लांबीत अधिक वाढते, त्यामुळे चाकासमोर वाळूचा बांध साचत नाही. खडकावर मऊ पडलेला टायर दगडाचा आकार घेतो, धक्का शोषतो व पकड सोडत नाही. खडबडीत प्रदेशात वाहन हाकणारे अनुभवी लोक प्रथम हवा कमी करतात, ती यामुळेच.

याची उलट बाजू मुंबईत दर वर्षी गिरगाव चौपाटीवर पाहावयास मिळते. अनंत चतुर्दशीला लालबाग, परळ, गिरगाव इ. भागांतील सार्वजनिक मंडळांच्या मोठ्या मूर्ती मालमोटारींवर किंवा चाकांच्या गाड्यांवर येथे येतात. मालमोटारीच्या टायरमध्ये दर चौ. इंचाला सु. १०० पौंड दाब असतो. कोरडी सुटी वाळू तो सहन करू शकत नाही व चाके रुततात. भार एवढा असतो, की हवा कमी केल्यास टायरच चिरडले जातील. शिवाय अशा गाडीचा तोल डळमळणे केव्हाही परवडणारे नाही. म्हणून महानगरपालिका वाळूवर जाड पोलादी पत्रे अंथरते. चाकाचे टेकण वाढविता येत नाही, तेव्हा जमिनीचे वाढवावयाचे, असा हा उपाय आहे. हलक्या वाहनांच्या बाबतीत उपाय चाकातच सापडतो. दाब एका मर्यादेखाली आणणे भाग पडल्यास बीडलॉकचा विचार करावा लागतो.

इतिहास : हवेच्या टायरचे पेटंट रॉबर्ट विल्यम टॉमसन यांनी १८४५ मध्ये घेतले होते, परंतु तो व्यवहारात आला जॉन बॉइड डनलॉप यांच्या १८८८ मधील प्रयत्नांनंतर. डनलॉप यांचा टायर रिमला कापडाने चिकटविलेला असे. पंक्चर काढणे म्हणजे तो सोलून काढणे होते. १८९० मध्ये ही अडचण दोन मार्गांनी सुटली. विल्यम अर्स्किन बार्टलेट यांनी रबराची आकड्यासारखी कड रिमच्या दुमडलेल्या काठात अडकविली, तर चार्ल्स किंग्स्टन वेल्च यांनी कडेत न ताणणारी तार घालून रिमला मध्ये पन्हळ दिली. आजचे टायर वेल्च यांच्या पद्धतीचे आहेत. आकडेवाले टायर वेगात निसटत, म्हणून प्रारंभीच्या मोटारींच्या रिममधून बोल्ट घालून टायरची कड आतून दाबून धरीत. बीडलॉकची कल्पना अशी टायरइतकीच जुनी आहे. चिखलातील शर्यतींच्या मोटारसायकलींमध्ये हा बोल्ट ‘रिमलॉक’ या नावाने आजही वापरात आहे.

दुसऱ्या महायुद्धात या कल्पनेला लष्करी रूप आले. विलिज व फोर्ड या अमेरिकन कंपन्यांनी बनविलेल्या जीपची सुरुवातीची चाके साध्या पन्हळीची होती. त्यानंतर दोन अर्ध्या तबकड्या बोल्टांनी एकत्र जोडलेली चाके आली. त्यांत दोन्ही बीडांच्या मध्ये एक पोलादी कडे बसवीत. तबकड्या आवळल्या, की दोन्ही बीड कडे व रिमचा काठ यांमध्ये पकडल्या जात. गोळी लागून टायरमधील हवा गेली, तरी टायर रिमवरच राहावा व गाडी काही अंतर चालत राहावी, असा त्यामागील हेतू होता. वाळूचा प्रश्न त्यात दुय्यम होता. युद्ध संपल्यावर अशा जीपगाड्या ‘डिस्पोजल’च्या मालातून नागरी वापरात आल्या. सु. १९४९ पासून महिंद्र कंपनीने मुंबईत माझगाव येथे विलिज जीपची जुळणी सुरू केली. या नागरी जीपला ६·००–१६ मापाचे टायर व साध्या पन्हळीची अखंड चाके होती. शेती, वनखाते, पोलीस आणि ग्रामीण प्रवासी वाहतूक यांत ती दीर्घकाळ राबली, ती बीडलॉकवाचूनच. तिचे टायर अरुंद, भिंती उंच व वजन माफक असल्यामुळे दाब फार उतरविण्याची गरजच सहसा पडत नसे. आजच्या रुंद रिमांच्या जड वाहनांविषयी असे म्हणता येत नाही.

भारतात खडबडीत भूप्रदेशातील मोटारस्पर्धांना अलीकडच्या काळात जोर आला. २०१४ पासून पावसाळ्यात गोव्यात होऊ लागलेल्या रेनफॉरेस्ट चॅलेंज या स्पर्धेमुळे चिखलातील वाहनकौशल्य व त्यासाठी केलेले वाहनांतील बदल यांकडे अनेकांचे लक्ष वेधले. २०१० मध्ये आलेल्या व २०२० मध्ये नव्या स्वरूपात बाजारात आणलेल्या महिंद्र थार या वाहनामुळे हा छंद शहरातील सामान्य मोटारमालकांपर्यंत पोहोचला आहे.

रचना व प्रकार : सर्वांत प्रचलित प्रकारात चाकाच्या बाहेरच्या बाजूचा काठ नेहमीसारखा अखंड नसतो. त्या जागी सपाट बैठक असते. टायरची बाहेरची बीड तीवर ठेवून वरून जाड कडे बसवितात व परिघावरील अनेक, बहुधा १६ ते ३२, बोल्टांनी ते आवळतात. बीड कड्याच्या व चाकाच्या मध्ये चिमटली जाते. आतील बीड नेहमीप्रमाणे दाबानेच राहते. दोन्ही बीड जखडणारी चाकेही मिळतात. ती जड व महाग असून स्पर्धेतील किंवा लष्करी वाहनांत आढळतात. लष्करी चाकांत पुष्कळदा दोन बीडांमध्ये रबराचा जाड पट्टा दाबून बसविलेला असतो. आणखी एका प्रकारात टायरच्या आत एक लहान, जास्त दाबाची स्वतंत्र नळी असते. ती फुगवली की दोन्ही बीडांना आतून रेटून धरते व टायरच्या मुख्य पोकळीतील दाब मनाजोगा उतरविता येतो. अशा चाकाला दोन व्हॉल्व असतात आणि रिमला एक जादा भोक पाडावे लागते. बाहेरून मात्र ते साध्या चाकासारखेच दिसते.

अलीकडे तिसऱ्याच तऱ्हेची चाके काही उत्पादक वाहनाबरोबरच देतात. उदा., फोर्ड ब्राँको या वाहनाबरोबर २०२१ पासून मिळणाऱ्या अशा चाकांवर मूळचे कडे शोभेचे असते. ते काढून खरे पकडकडे बसविण्याची सोय ठेवलेली असते व ते रस्त्याबाहेरील वापरापुरतेच बसवावे, असे उत्पादक सांगतो.

येथे एका गैरसमजाचा निर्देश करणे अवश्य आहे. जुन्या मालमोटारी व बसगाड्या यांच्या ट्यूबवाल्या चाकांना एका बाजूस सुटी रिंग असते व तिला ‘लॉक रिंग’ म्हणतात. नावात साम्य असले, तरी तिचा बीडलॉकशी संबंध नाही. जाड व ताठर टायर पन्हळीच्या रिमवर चढविता येत नाही, म्हणून रिमचा एक काठच सुटा ठेवलेला असतो आणि लॉक रिंग त्या काठाला जागेवर धरते. ती बीडला पकडत नाही; उलट बीडचा रेटाच तिला खाचेत दाबून ठेवतो. खाच गंजलेली वा रिंग वाकलेली असल्यास हवा भरताना ती प्रचंड वेगाने उडते. अशा अपघातांत टायर दुरुस्त करणाऱ्यांचे प्राण गेलेले आहेत. म्हणूनच हे चाक लोखंडी पिंजऱ्यात ठेवून हवा भरावी, असा दंडक आहे. रस्त्याकडेच्या दुकानांत तो नेहमी पाळला जातो असे नाही. नव्या मालमोटारींत व बसगाड्यांत १५ अंश चढाच्या बैठकीची अखंड रिम व ट्यूबविरहित टायर आल्याने हा धोका पुष्कळ कमी झाला आहे.

निवड : बीडलॉक चाक घ्यावे की नाही, हे टायरमधील किमान दाबावरून ठरवावे. दर चौ. इंचाला सु. १५ पौंडांपर्यंत दाब उतरवून साध्या चाकांवर सावकाश जाता येते. उंचवट्याची चांगली रिम व बीड निर्दोष असल्यास याहून थोडा कमी दाबही चालतो. १० पौंडांच्या खाली वारंवार जावे लागत असेल, विशेषतः तिरक्या उतारावर किंवा खडकांच्या फटीत चाक अडकण्याचा संभव असेल, तर बीडलॉक उपयोगी पडते. मुंबईतील मोटारमालकाचा नेहमीचा कार्यक्रम म्हणजे सह्याद्रीतील एखाद्या गडाच्या पायथ्यापर्यंतची कच्ची वाट किंवा कोकणातील शेतरस्ता. त्यासाठी चांगल्या नक्षीचे टायर, दाबमापक व हवा भरण्याचा लहान विद्युत् पंप एवढे साहित्य पुरेसे असते. या तिहींचा एकत्रित खर्चही बहुधा चार बीडलॉक चाकांपेक्षा कमी येतो. पंपाला तर पर्यायच नाही. कारण कमी दाबाने डांबरी रस्त्यावर वेगाने गेल्यास टायरच्या भिंती सतत दुमडून तापतात व टायर फुटतो. वाळूतून बाहेर पडल्यावर हवा पुन्हा भरल्याशिवाय मुंबई–पुणे द्रुतगती मार्गासारख्या रस्त्यावर जाणे अत्यंत धोक्याचे आहे. बीडलॉक टायर निसटू देत नाही. तो तापणे त्याला थांबविता येत नाही.

आपल्या चाकाला अशा पकडीची गरज आहे काय, हे अजमावण्याची एक सोपी रीत आहे. टायरच्या भिंतीवर व रिमवर मिळून खडूने एकच सरळ रेघ ओढावी. कमी दाबाने केलेल्या प्रवासानंतर रेघेचे दोन भाग एकमेकांपासून सरकलेले दिसले, तर टायर रिमवर फिरू लागला आहे असे समजावे. ट्यूबवाल्या टायरमध्ये असे फिरणे अधिक घातक असते, कारण टायरबरोबर ट्यूब ओढली जाऊन व्हॉल्वचा देठ तुटतो.

बीडलॉक घ्यावयाचेच ठरल्यास मापांची जुळणी काटेकोर हवी. जुनी जीप व मारुती जिप्सी या दोहोंच्या चाकांना १३९·७ मिमी. (साडेपाच इंच) व्यासाच्या वर्तुळावर पाच बोल्ट असतात. तेवढ्यावरून एका वाहनाचे चाक दुसऱ्याला चालेल असे मानण्याची चूक नेहमी होते. मध्यभागाच्या भोकाचा व्यास, नटांच्या बैठकीचा आकार, ब्रेकच्या भागांपासूनचे अंतर व चाक बाहेर किती येते ही मापेही जुळावी लागतात. चाक मूळच्यापेक्षा बरेच बाहेर आले, तर आसाच्या बेअरिंगवर व सुकाणू यंत्रणेच्या सांध्यांवर जादा ताण येतो, सुकाणू जड होते व खड्ड्यात चाक गेल्यावर त्याचा झटका हाताला बसतो. बीडलॉक चाक साध्या चाकापेक्षा काही किलोग्रॅम जड असते. हे वजन स्प्रिंगांच्या खाली असल्यामुळे ते गाडीत ठेवलेल्या तेवढ्याच ओझ्यापेक्षा अधिक जाणवते. ब्रेक लागण्यास व गाडी वेग घेण्यास त्यामुळे विलंब होतो.

धातूची निवड वापरावर अवलंबून असते. पोलादी चाक वाकते, पण घणाने ठोकून गावापर्यंत नेता येते. ॲल्युमिनियम मिश्रधातूचे चाक हलके असते, मात्र मोठा आघात झाल्यास त्याला तडा जाण्याचा संभव असतो व असा तडा रस्त्यावर दुरुस्त करता येत नाही. दुर्गम भागात एकट्याने जाणाऱ्याने पोलादी चाक पसंत करणे शहाणपणाचे ठरते.

गिरगावातील ऑपेरा हाउसच्या परिसरात मोटारींच्या सुट्या भागांची जुनी बाजारपेठ आहे. जुना माल शोधणारे चोर बाजाराकडेही वळतात. कोणत्याही बाजारात बीडलॉक म्हणून दाखविल्या जाणाऱ्या चाकांपैकी काही केवळ दिखाऊ असतात. चाक अखंडच असते, काठावर बोल्टांची डोकी ओतलेली असतात किंवा पातळ कडे लहान स्क्रूंनी बसविलेले असते. खऱ्या चाकात कडे काढल्यावर बाहेरचा काठ उरत नाही व बीडची बैठक उघडी पडते. दिखाऊ चाकात कडे काढले तरी टायर जागच्या जागी राहतो. ही परीक्षा टायर चढविण्यापूर्वी विक्रेत्यासमोर करावी. दिखाऊ कडे हा सजावटीचा भाग आहे आणि ते तसे समजून लावण्यात हरकत घेण्यासारखे काही नाही; परंतु त्याच्या भरवशावर दाब ५–६ पौंडांपर्यंत उतरविणारा मनुष्य पहिल्याच तिरक्या उतारावर फसतो. वापरलेले खरे बीडलॉक चाक विकत घेताना कडे सपाट काचेवर ठेवून ते वाकले आहे काय, हे पाहावे आणि बोल्टांच्या भोकांतील आटे तपासावेत.

कायद्याची बाजू : मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम ५२ नुसार वाहनाच्या नोंदणीपुस्तकातील तपशील उत्पादकाने मूळ ठरविलेल्या तपशिलाहून वेगळे होतील, असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मधील एका निर्णयात या तरतुदीचा अर्थ कडकपणे लावला. दक्षिण व मध्य मुंबईतील वाहनांची नोंदणी ताडदेव येथील प्रादेशिक परिवहन कार्यालयात होते. चाके व टायर यांच्या मापात बदल करण्यापूर्वी तेथे चौकशी करणे इष्ट होय. अनुमतीवाचून केलेल्या बदलामुळे अपघातानंतर विम्याची रक्कम मिळण्यात अडचण येऊ शकते. अमेरिकेतही अनेक उत्पादक आपली बीडलॉक चाके रस्त्याबाहेरील वापरापुरतीच विकतात. यामागे केवळ कायद्याची भीती नाही. साध्या चाकात टायर टिकविण्याचे काम हवा आपोआप करते, तर येथे ते माणसाने आवळलेल्या वीस-पंचवीस बोल्टांवर सोपविलेले असते व ते बोल्ट तपासणे मालकाच्या शिस्तीवर अवलंबून असते.

जोडणी व निगा : कडे बसविताना बोल्ट ओळीने न आवळता समोरासमोरच्या जोड्यांनी थोडेथोडे आवळावेत, एका फेरीत पुरे आवळल्यास कडे तिरपे बसते व बीड एका बाजूस चिमटली जाऊन दुसरीकडे सैल राहते. हे बोल्ट बारीक असतात व त्यांना लागणारा पीळ बहुधा २० ते ३० न्यूटन-मीटर एवढाच असतो. हा पीळ चाकाच्या मुख्य नटांना लागणाऱ्या पिळाच्या मानाने फारच थोडा आहे. लांब पान्याने व अंगच्या जोराने आवळण्याची आपल्याकडील सवय येथे नडते. ॲल्युमिनियममधील आटे उपटून येतात. म्हणून पीळ मोजणारा पाना वापरावा व अंक उत्पादकाने दिलेलाच घ्यावा. रबराची बीड दाबाखाली हळूहळू बसते, त्यामुळे पहिल्या आवळणीनंतर बोल्ट सैल पडतात. पहिल्या १०० किमी. प्रवासानंतर व पुढे प्रत्येक खडतर सफरीनंतर ते पुन्हा तपासावे लागतात. टायरमध्ये हवा असताना बोल्ट कधीही सोडू नयेत. व्हॉल्वमधील आतली पिन काढून हवा पूर्ण गेल्याची खात्री केल्यावरच कडे काढावे.

मुंबईच्या हवेत आणखी एक काळजी घ्यावी लागते. समुद्रावरील खारट दमट वाऱ्यात ॲल्युमिनियमचे कडे व पोलादी बोल्ट एकत्र असल्यास दोन धातूंमध्ये विद्युत् रासायनिक क्रिया सुरू होऊन ॲल्युमिनियम खाल्ले जाते. आट्यांत पांढरी भुकटी साचते व बोल्ट असे घट्ट बसतात, की ते फिरविताना तुटतात. स्टेनलेस पोलादाचे बोल्ट घातल्याने हा दोष टळत नाही; तेथेही ॲल्युमिनियमच झिजते. आट्यांना गंजरोधक वंगण लावल्यास क्रिया मंदावते. वंगण लावलेल्या बोल्टाला तेवढ्याच पिळात अधिक ताण बसतो, हे मात्र आवळताना ध्यानात ठेवावे लागते. समुद्रकिनाऱ्याच्या वाळूतून आल्यावर चाके गोड्या पाण्याने धुवून कड्याच्या सांधीतील वाळू काढून टाकावी. ही वाळू तशीच राहिल्यास ओलावा व मीठ धरून ठेवते व पुढच्या आवळणीच्या वेळी बीड व कडे यांच्यामध्ये अडकून ट्यूबविरहित टायरमधून हवा झिरपू लागते.

चाकांचा समतोल साधणे बीडलॉकच्या बाबतीत कठीण असते, कारण कडे व बोल्ट यांचे वजन परिघाजवळ असते आणि टायर कड्याखाली किंचित एकांगी बसला तरी तो दोष वेगात जाणवतो. साध्या चाकावर टायर बैठकीच्या चढावर सरकताना आपोआप केंद्रित होतो. येथे तो हाताने मध्यावर ठेवावा लागतो. त्यामुळे बीडलॉक चाकांच्या गाड्या ताशी ७०–८० किमी.च्या पुढे पुष्कळदा थरथरतात. काही मालक यावर तोड म्हणून चाकांचे दोन संच ठेवतात : प्रवासासाठी मूळची साधी चाके व स्पर्धेच्या जागी बदलण्यासाठी बीडलॉक. पाचवे, म्हणजे जादा ठेवावयाचे चाक साधे असले तरी चालते; मात्र त्याचा टायर इतर चार टायरांच्या बाहेरील व्यासाचाच असावा लागतो, अन्यथा चारही चाकांना शक्ती पुरविणाऱ्या दंतचक्रांच्या पेटीवर ताण येऊन ती खराब होते.